कामावरचे शिसे घरी येते तेव्हा

बॅटरी, भट्टी, झाळकाम, गलाई व रंगकाम करणारे कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

सरोजिनी नगर ही कारखान्यांची वस्ती नव्हे. सरकारी कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, कपड्यांसाठी साऱ्या दिल्लीत प्रसिद्ध असलेला बाजार, आणि रिंग रोडने थोडे पुढे गेले की सफदरजंग रुग्णालय व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, अशी या भागाची ओळख आहे. त्यामुळे शिशाच्या विषबाधेविषयीचे पत्रक येथील दवाखान्यात पाहून आपल्याला नवल वाटले, तर ते साहजिक आहे. परंतु विषबाधा झालेला कामगार उपचारासाठी कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. तो आपल्या घराजवळच्या दवाखान्यात जातो. पोट दुखते, भूक लागत नाही, अंगात त्राण नाही, एवढेच सांगतो आणि गोळ्या घेऊन परततो. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करणारा कारागीर, घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी उचलून नेणारा मुलगा, जुन्या दारांचा रंग खरवडणारा रंगाऱ्याचा मदतनीस, घरकामाला येणाऱ्या बाईंचे यजमान, अशी ही माणसे आहेत. यांपैकी कोणीतरी आपल्या परिचयाचे असणारच.

दिल्लीतील मराठी कुटुंबांनी हे पत्रक वाचावे, याला आणखी एक कारण आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या कोरडवाहू भागातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भारतभर पांगली आहेत. दिल्लीच्या सराफी पेठांतही ती आहेत. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत भट्टीवर शिसे घातले जाते. चांदीतील हीण शिशाबरोबर निघून जाते आणि त्या शिशाचा काही भाग धुरावाटे हवेत मिसळतो. या गलाईवाल्यांपैकी कोणाला मोठ्या रुग्णालयात दाखवायचे झाले, की तो सरकारी वसाहतीतील गाववाल्याकडे उतरतो. असा पाहुणा आपल्या घरी आला आणि त्याची पोटदुखी महिनोन्‌महिने हटत नसेल, तर पुढील मजकूर त्याला वाचून दाखवावा.

शिसे शरीरात शिरते ते दोन वाटांनी

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. एवढ्या कमी उष्णतेवर वितळते म्हणूनच ते हजारो वर्षे माणसाच्या उपयोगी पडले आहे. परंतु भट्टीचे तापमान ५०० अंशांच्या पुढे गेले, की द्रवरूप शिशाची वाफ अधिकाधिक प्रमाणात निघू लागते. ती हवेत थंड होताच शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हा धूर प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसतोच असे नाही, आणि त्याला सावध करील असा वासही नाही. श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर गेलेल्या अशा कणांतील शिसे बऱ्याच प्रमाणात रक्तात उतरते.

दुसरी वाट तोंडाची आहे, आणि ती अधिक दुर्लक्षित आहे. बॅटरीच्या प्लेटवरील भुकटी, रंगाची धूळ, भट्टीची राख हातांवर, नखांत, मिशांवर बसते. त्याच हाताने बिडी ओठांत धरली जाते, डबा उघडला जातो, भाकरी मोडली जाते. तळहातावर तंबाखू आणि चुना मळण्याची सवय या दृष्टीने सर्वांत वाईट म्हणावी लागेल, कारण त्यात हातावरची धूळ घासून-घासून तंबाखूत मिसळली जाते आणि गालाखाली तासभर ठेवली जाते. गिळलेल्या शिशापैकी निरोगी प्रौढाच्या आतड्यांतून साधारण दहावा हिस्सा रक्तात जातो. उपाशीपोटी हे प्रमाण वाढते; शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल, तरीही वाढते. लहान मुलांच्या बाबतीत जवळजवळ निम्मे शिसे शोषले जाते. मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक धोका का, याचे निम्मे उत्तर या एका वाक्यात आहे.

रक्तात आलेले शिसे शरीराला ओळखता येत नाही. त्याचे वर्तन कॅल्शियमसारखे असल्याने शरीर त्याला हाडांत साठवते. प्रौढाच्या शरीरातील एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हाडांत असते. रक्तातील शिशाचे प्रमाण संपर्क थांबल्यावर सुमारे एका महिन्यात निम्म्यावर येऊ लागते, हाडांतील साठा मात्र दशकानुदशके टिकतो. दहा वर्षांपूर्वी बॅटरीचे काम सोडलेल्या माणसाने ‘तो विषय संपला’ असे समजू नये. हाडांतला साठा गर्भारपणात, स्तनपानाच्या काळात, रजोनिवृत्तीनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावर पुन्हा रक्तात उतरू शकतो.

शिसे आपल्याला परके नाही

मारुतीला आणि गणपतीला लावला जाणारा शेंदूर हा बहुधा शिशाचाच ऑक्साइड असतो. मुरदाडशिंग हाही शिशाचाच ऑक्साइड. मराठी ग्रंथ शतकाहून अधिक काळ ज्या खिळ्यांनी छापले गेले, ते खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे होते. गवयाला शेंदूर खाऊ घालून त्याचा आवाज घालवल्याच्या कथा आपण ऐकलेल्या असतात. त्या खऱ्या की खोट्या हा प्रश्न बाजूला ठेवू. हा पदार्थ पोटात जाण्याजोगा नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, एवढे त्यांतून दिसते. आज मात्र जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग बॅटऱ्यांसाठी खर्च होतो. मोटार, इन्व्हर्टर, मोबाइल टॉवर, ई-रिक्षा या सर्वांची शिसे-आम्ल बॅटरी वजनाने निम्म्याहून अधिक शिसेच असते. म्हणून या पत्रकाचा रोख प्रामुख्याने बॅटरीच्या कामावर आहे. परंतु रेडिएटर दुरुस्त करणारे, झाळकाम करणारे, पितळेचे ओतकाम करणारे, पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांचे मिश्रण करणारे, मातीच्या भांड्यांना झिलई देणारे आणि स्प्रेने रंग मारणारे कामगारही त्यात येतात.

ही केवळ शंका नाही. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगार, चांदीचे दागिने घडवणारे कारागीर आणि स्प्रे-रंगकाम करणारे कामगार यांच्या रक्ताच्या तपासण्यांवर आधारलेले शोधनिबंध २००६ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या तिन्ही गटांत रक्तातील शिशाचे प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त आढळले आणि हिमोग्लोबिन तयार होण्याच्या प्रक्रियेत अडथळा आल्याचे दिसले. चांदीचे कारागीर बहुतेक घरगुती कारखान्यांत काम करतात, हे येथे ध्यानात घ्यावे. जेथे काम चालते तेथेच मुले अभ्यासाला बसतात.

ओळखू न येणारा आजार

शिशाच्या विषबाधेची अडचण अशी, की तिचे कोणतेही एक लक्षण केवळ तिचेच नसते. थकवा, चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे, भूक मंदावणे, तोंडाला धातूसारखी चव येणे, सांधे व स्नायू दुखणे या तक्रारी कोणालाही असू शकतात. चिडचिड बहुधा प्रथम घरच्यांच्या लक्षात येते. माणूस पूर्वी असा नव्हता, हल्ली ताटावरून उठून जातो, मुलांवर ओरडतो, असे पत्नी सांगते, आणि ते स्वभावावर किंवा व्यसनावर ढकलले जाते.

पोटाची लक्षणे अधिक बोलकी आहेत. चिवट बद्धकोष्ठता आणि तिच्याबरोबर नाभीच्या आसपास कळा येऊन पोटात पीळ पडणे, ही जोडी शिशाचे काम करणाऱ्या माणसात दिसली तर रक्तातील शिसे तपासल्यावाचून राहू नये. या कळा इतक्या तीव्र असू शकतात, की आंत्रपुच्छाचा दाह समजून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. रक्तक्षय हे दुसरे बोलके चिन्ह होय. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही पुरुष कामगाराचे हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. काहींच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसते. ती नसली म्हणजे विषबाधा नाही, असे मात्र समजू नये. दीर्घकाळ अधिक प्रमाणात संपर्क राहिला, तर मनगट वर उचलता येईनासे होते. रंगाऱ्याच्या हातून ब्रश गळू लागतो.

याहून गंभीर परिणाम शांतपणे घडतात. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांची झीज होते, हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो. पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या व गुणवत्ता घटते. मूल होत नाही म्हणून केवळ पत्नीच्या तपासण्या करत राहणाऱ्या कुटुंबांनी पतीचे काम कोणते आहे, हेही डॉक्टरांना सांगितले पाहिजे. फार मोठ्या प्रमाणात शिसे शरीरात गेले, तर मेंदूला सूज येऊन झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला पूर्वापार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: आपण काम काय करता? तीन शतकांनंतरही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न विचारायला अनेकदा वेळ उरत नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण सांगावे. ‘खासगी नोकरी’ किंवा ‘मजुरी’ एवढे उत्तर पुरेसे नाही. ‘जुन्या बॅटऱ्या फोडतो’, ‘भट्टीवर शिसे वितळवतो’, ‘यंत्राने रंग घासतो’ असे सांगावे. दवाखान्यात मूल घेऊन आलेल्या आईनेही मुलाच्या वडिलांचे काम सांगावे. कामगाराच्या घरात दडलेली विषबाधा पुष्कळदा या एका माहितीवरूनच सापडते.

मुले आणि गर्भवती

सेनेगल देशाची राजधानी डकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम वर्षानुवर्षे चालत होते. त्या मातीत मिसळलेले शिसे चाळून विकण्याचा व्यवसाय तेथील बायकांनी सुरू केला. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात त्या वस्तीतील अठरा लहान मुले दगावली. त्यांतील एकही मूल कारखान्यात कामाला नव्हते. ती केवळ त्या अंगणात खेळत होती.

एवढा भीषण प्रकार विरळाच. बहुतांश घरांत घडते ते असे: वडील कामाचेच कपडे घालून घरी येतात, दारातच मूल त्यांना बिलगते. चपलांची धूळ जमिनीवर पडते, रांगणारे मूल त्या जमिनीवर हात टेकून तेच हात तोंडात घालते. मूल आजारी दिसत नाही. त्याचे लक्ष टिकत नाही, शिकवलेले आठवत नाही, वाढ मंदावते, वागणे हूड होते, आणि शाळेत त्याला ‘ढ’ म्हटले जाते. मेंदूच्या वाढीवरील हा परिणाम बहुतांशी भरून न येणारा असतो. २०२० मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्या मुलांत भारतातील मुलांचा वाटा मोठा आहे.

गर्भवतीच्या रक्तातील शिसे नाळेतून थेट गर्भात जाते. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका त्यामुळे वाढतो. आपण गर्भवती असाल आणि घरात कोणी शिशाचे काम करीत असेल, किंवा आपण स्वतः पूर्वी असे काम केले असेल, तर पहिल्याच तपासणीच्या वेळी परिचारिकेला तसे सांगावे. बाळाला अंगावर पाजणे मात्र भीतीपोटी स्वतःहून बंद करू नये. रक्ततपासणीचा आकडा पाहून डॉक्टर त्याविषयी सल्ला देतील.

तपासणी आणि उपचार

खात्रीची तपासणी एकच आहे: शिरेतून घेतलेल्या संपूर्ण रक्तातील शिशाचे मोजमाप. नेहमीच्या रक्ततपासणीत ते कळत नाही. केस, नखे किंवा औषध देऊन गोळा केलेली लघवी यांवरून निदान करण्याचे सांगणाऱ्यांवर पैसे खर्च करू नयेत. बोटाच्या टोकातून रक्त घेतले असल्यास बोटावरच्या धुळीमुळे आकडा खोटा वाढू शकतो. तो शिरेच्या रक्तावरून पडताळून घ्यावा. तपासणीला जाताना कामाचे कपडे घालू नयेत आणि हात साबणाने धुऊन जावे.

शिशाचे निर्धोक प्रमाण असे कोणतेही ज्ञात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कोठून येते हे शोधून तो संपर्क कमी करावा वा थांबवावा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलात हे प्रमाण ४५ किंवा त्याहून अधिक असेल, तर शिसे बाहेर काढणारी औषधे देण्याची शिफारस आहे. प्रौढांच्या बाबतीत आकडा, लक्षणे आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून तज्ज्ञ निर्णय घेतात.

ही औषधे रुग्णालयात, देखरेखीखाली घ्यावयाची असतात. रोज भट्टीवर जायचे आणि वर्षातून एकदा ‘रक्त साफ करून घ्यायचे’, असा सल्ला कोणी देत असेल तर तो घातक आहे. संपर्क चालू असताना ही औषधे घेणे म्हणजे छप्पर गळत असताना फरशी पुसत बसणे. शिवाय त्या औषधांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेतच.

गूळ आणि दूध यांविषयीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. धुळीचे काम करणाऱ्यांना पाळी संपल्यावर गुळाचा खडा किंवा दूध देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दोन्ही पदार्थ चांगले आहेत, परंतु त्यांपैकी एकही शिशावर उतारा नाही. गुळाने घशातली धूळ खाली उतरते, म्हणजे पोटात जाते, हे विसरू नये. मालकाने धूर ओढून नेणारा पंखा बसवण्याऐवजी गूळ वाटला, तर तो गूळ कामगाराला महाग पडतो. आहाराचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो. उपाशीपोटी कामावर जाऊ नये. नाचणी, तीळ, दूध-दही, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, आणि त्यांबरोबर लिंबू किंवा आवळा, असा आहार असला तर लोह व कॅल्शियमची उणीव राहत नाही आणि शिसे कमी शोषले जाते.

कामाच्या जागी आणि घराच्या उंबऱ्यावर

कामाच्या जागी खरा उपाय मालकाच्या हाती असतो. भट्टीवर छत्री व धुराडे, जेथे भुकटी उडते तेथे हवा ओढून नेणारी यंत्रणा, ओली सफाई, जेवणासाठी कामापासून वेगळी खोली, गरम पाणी व साबण, आणि कामाचे कपडे कारखान्यातच धुण्याची सोय, हा त्याचा क्रम आहे. मुखपट्टीचा क्रमांक त्यानंतर लागतो. तोंडाला गुंडाळलेला रुमाल शिशाच्या धुरापुढे निरुपयोगी आहे. साध्या धुळीसाठी निदान एन-९५ प्रतीची, चेहऱ्याला घट्ट बसणारी मुखपट्टी हवी. भट्टीवर त्याहून उच्च प्रतीच्या गाळणीचा मुखवटा लागतो. दाढी असेल तर कडेने हवा आत शिरते. कोरडा झाडू कधीही मारू नये, कारण त्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत उठते.

गलाईच्या दुकानात मालक आणि कामगार बहुधा एकच असतो, किंवा एकाच गावचे काका-पुतणे असतात. तेथे तपासणीला कोणी अधिकारी फिरकत नाही, आणि काम संपल्यावर त्याच खोलीत अंथरूण पडते. अशांना निदान इतके तरी सांगणे आवश्यक आहे: भट्टीच्या खोलीत झोपू नये, स्वयंपाक करू नये, आणि धुराडे छताबाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर काढावे. शाळा सोडून गावाहून आणलेल्या मुलाला भट्टीपाशी बसवू नये.

घरी येण्यापूर्वी कपडे व चपला बदलाव्यात, शक्य असल्यास कामावरच आंघोळ करावी. ते शक्य नसेल तर दारात चपला काढून, मुलांना जवळ घेण्यापूर्वी, थेट न्हाणीघरात जावे आणि केसांसह अंग धुवावे. कामाचे कपडे झटकू नयेत. ते वेगळ्या पिशवीत ठेवून वेगळे धुवावेत, आणि ते पाणी अंगणात किंवा कुंड्यांत न ओतता मोरीत सोडावे. हे कपडे धुणारी स्त्री स्वतः गर्भवती असेल, तर ते काम दुसऱ्या कोणी करावे. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. जुनी बॅटरी घरात, जिन्याखाली किंवा गच्चीवर उघडू नये, आणि तिचे रिकामे खोके पाण्यासाठी वापरू नये.

ज्यांच्या घरी असे काम करणारे कोणी नाही, त्यांच्याही हातात काही गोष्टी आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना जुनी बॅटरी विक्रेत्यालाच परत द्यावी आणि पावतीवर तशी नोंद घ्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती योग्य हाती सोपवणे ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे. दारावर येणारा चार पैसे अधिक देऊ करील. पण ती बॅटरी पुढे कोणाच्या अंगणात कुऱ्हाडीने फुटणार आहे, हे त्या चार पैशांत लिहिलेले नसते.

सरोजिनी नगरच्या रहिवाशांनी जुन्या रंगाविषयीही सावध असावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम २०१६ चा असून तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगाच्या थरांत शिसे असल्याचे धरूनच चालावे. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली त्यांत सरोजिनी नगर आहे. पाडकामाच्या जागेवरील रंगवलेली चौकट किंवा फळी सरपणासाठी आणून जाळू नये, आणि मुलांना त्या ढिगाऱ्यात खेळू देऊ नये. घरातील जुना रंग खरवडायचा असल्यास तो ओला करून खरवडावा, त्या वेळी मुले व गर्भवती घरात नसावीत, आणि रंगाऱ्याला चहा देण्यापूर्वी हात धुण्यासाठी साबण द्यावा.

कायद्याने काय मिळते

शिशाची विषबाधा हा सूचना देणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेतही आहे. कामगाराला हा रोग असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आढळले, तर त्यांनी संबंधित निरीक्षकांना लेखी कळवावयाचे असते. हे कळवणे कामगाराविरुद्ध नसते. त्याच्याबरोबर त्याच भट्टीवर उभ्या असलेल्या इतरांची तपासणी त्यामुळे होऊ शकते.

तरीही आजार उघड झाला तर काम जाईल ही भीती खरी आहे, आणि ती केवळ पत्रकाने जाणार नाही. म्हणून कागद जपावेत. कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड असेल तर उपचार आणि आजारपणाचा भत्ता मिळतो, आणि व्यवसायजन्य रोग सिद्ध झाल्यास अपंगत्वाच्या लाभासाठी दावा करता येतो. महामंडळाची व्यवसायजन्य रोगांची केंद्रे दिल्लीत बसई दारापूर येथील आणि मुंबईत परळ येथील रुग्णालयात आहेत. विमा नसलेल्या कामगारालाही नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा करता येतो. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न असतो तो पुराव्याचा: हा माणूस तेथे, ते काम, किती काळ करीत होता? हजेरीची नोंद, पगाराची पावती, कामाच्या जागेचे छायाचित्र, रक्ततपासणीचे सर्व अहवाल तारखेनुसार एका पिशवीत ठेवावेत.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना एका कागदावर एवढे लिहून आणावे: कामाचे नेमके स्वरूप, किती वर्षे, रोज किती तास, त्या जागी काय वितळवले, फोडले वा घासले जाते, पूर्वी असे कोणते काम केले होते, सोबतच्या कोणाला अशीच पोटदुखी किंवा हातांची अशक्तता आहे काय, आणि घरात सहा वर्षांखालील मुले किती. हा कागद नावनोंदणीच्या खिडकीवर न देता तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्यावा. लिहिता येत नसेल, तर दवाखान्यातील परिचारिका लिहून देईल.